शेकोटीभोवती गोष्टीचा रोलप्ले गेम बनवताना आधी ऐकणाऱ्यांचा विचार करा

प्रश्न थोडक्यात असा: डिसेंबरात राजमाची किल्ल्याला, तिथल्या उधेवाडी गावात दोन रात्री मुक्काम, बारा जण, सगळ्यात लहान मुलगा ९ वर्षांचा आणि सगळ्यात मोठ्या आजी ६८ च्या. विचारणाऱ्यांनी ऑनलाइन डन्जन्स अँड ड्रॅगन्स (प्रत्येकाने एक पात्र घेऊन, फासे टाकत मिळून गोष्ट खेळायचा गेम) चालवलंय आणि आता शेकोटीभोवती सगळ्यांना घेऊन तसाच गोष्टीचा खेळ खेळायचाय, तर नियम कसे बसवायचे. मी गेली चौदा-पंधरा वर्षं हिवाळी कॅम्पवर रात्रीचे खेळ घेतो, त्यातले बरेचसे स्वतः बनवलेले आणि बरेचसे फसलेलेही, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

पहिली गोष्ट, तुम्हाला जे येतं त्यातलं निम्मं तिथे चालणार नाही. डन्जन्स अँड ड्रॅगन्स १९७४ साली आलं ते टेबलावर छोटे सैनिक मांडून लढाया खेळणाऱ्या लोकांमधून आलं, म्हणून त्याचे नियम धरूनच चालतात की समोर टेबल आहे, उजेड आहे, कागद आहेत आणि चार-पाच जण खास हाच खेळ खेळायला आलेत. शेकोटीपाशी यातलं काहीच नसतं. मी पहिल्या वर्षी कॅरॅक्टर शीट, म्हणजे प्रत्येकाच्या पात्राची माहिती लिहिलेले कागद, छापून नेल्या होत्या, सोबत फासे. कागद वाचायला प्रत्येकाने हेडटॉर्च लावला, समोरच्याच्या डोळ्यांवर झोत, त्यामुळे शेकोटीचा उजेड असूनही कुणाला कुणाचा चेहरा दिसेना. फासा गवतात गेला की सगळे गवत चाचपतायत. नियम सांगण्यात चाळीस मिनिटं गेली आणि तोवर लहान मुलं आईच्या मांडीवर झोपली होती. तेव्हापासून एक नियम मी स्वतःला घालून घेतलाय, की अंधारात, थंडीने हात आखडलेले असताना, न वाचता जे करता येईल तेवढंच खेळात ठेवायचं.

पण खरी चूक कागद-फाशांची नव्हती. ती मला दोन-तीन वर्षांनी कळली आणि तुम्हाला सांगायची मुख्य गोष्ट तीच आहे. साधा हिशोब करा. बारा जण, एक तासाचा खेळ, म्हणजे प्रत्येकाच्या वाट्याला बोलायला पाच मिनिटं. उरलेली पंचावन्न मिनिटं तो माणूस ऐकतोय. आपण खेळ बनवताना सगळी डोकेफोड त्या पाच मिनिटांसाठी करतो, तुझी शक्ती काय, तुझं शस्त्र काय, तू काय करशील, आणि पंचावन्न मिनिटं त्याने काय करायचं याचा विचारच करत नाही. मग तो मोबाइल काढतो. शेकोटीचा खेळ हा मुळात ऐकण्याचा खेळ आहे, म्हणून आधी ऐकणाऱ्याचे नियम लिहा, सांगणाऱ्याचे आपोआप होतात.

आगीपाशी माणूस ऐकायच्याच मूडमध्ये असतो हे आपल्याला अनुभवाने माहीत असतंच. पॉली वीसनर या मानववंशशास्त्रज्ञ बाईंनी आफ्रिकेतल्या कलहारी भागातल्या जुहोआन्सी लोकांच्या गप्पा नोंदवून २०१४ मध्ये त्यावर निबंध प्रसिद्ध केला. त्यात दिवसाच्या बोलण्यात गोष्टींचा वाटा ६ टक्के होता, बाकी तक्रारी, कामधंदा, थट्टामस्करी, आणि रात्री आगीभोवतीच्या बोलण्यात गोष्टी ८१ टक्के. म्हणजे लोकांना गोष्टीत ओढायला तुम्हाला फार काही करावं लागणार नाहीये, फक्त तुमच्या नियमांनी त्यांना त्यातून बाहेर काढू नका.

ऐकणाऱ्याचं पहिलं काम मी आपल्याकडूनच उचललं, ते म्हणजे हुंकार. आजी गोष्ट सांगायची तेव्हा आपण हं हं करायचं, आपला हुंकार थांबला की तिला कळायचं पोरगं झोपलं. मी त्याचा नियम केला. जो सांगतोय त्याच्या डावीकडचा माणूस हुंकारी. त्याने हं म्हटल्याशिवाय गोष्ट पुढे सरकत नाही. आणि त्याला दोन शब्द जादा मिळतात, “मग?” म्हणजे हे अजून सांग, आणि “असं कसं?” म्हणजे हे पटलं नाही, शेवटचं वाक्य बदल. एवढ्यानेच केवढा फरक पडतो ते बघाच. जो माणूस “मला नाही बाबा गोष्टी येत” म्हणून मागे सरकून बसलेला असतो तोही हुंकारी होतो, कारण हं म्हणायला काही यावं लागत नाही, आणि दोन वेळा “असं कसं?” म्हटल्यावर गोष्ट त्याच्यामुळे वळलेली असते, मग तो स्वतःहून पुढे सरकून बसतो.

दुसरं काम, कधीही तुझं नाव निघू शकतं हे प्रत्येकाला वाटत राहिलं पाहिजे. ओळीने पाळ्या लावू नका. ओळीने लावल्या की बाराव्या माणसाला माहीत असतं आपल्याला अजून अर्धा तास आहे. माझ्या खेळात सांगणारा आपली पाळी दुसऱ्या पात्राला हाक मारून संपवतो, “तेवढ्यात मला तबेल्याकडून आवाज आला, काय झालं रे तिकडे?” की तबेलेवाल्याने सुरू करायचं. फक्त सगळ्यांची एकदा झाल्याशिवाय कुणाला दुसऱ्यांदा हाक मारायची नाही.

आता सेटिंग. इथे मी अगदी आग्रही आहे. गोष्टीतली माणसंही आगीभोवतीच बसलेली असू देत. तुम्ही जर समुद्रातलं जहाज नाहीतर अवकाशयान घेतलंत तर डोळ्यांसमोरची आग विसरायला मेंदूला कष्ट पडतात. त्यापेक्षा तुम्ही राजमाचीला आहातच, वर श्रीवर्धन आणि मनरंजन असे दोन बालेकिल्ले अंधारात उभे आहेत, मग गडावरचा रात्रीचा पहाराच घ्या. लाकूड तडकलं तर गोष्टीतल्या आगीतही तडकलं, गावात कुत्रं भुंकलं तर ते गडाखालचं कुत्रं. बाहेरून जे येईल ते सगळं तुमच्या खेळात जमा.

गडाचा आणखी एक फायदा म्हणजे रात्री दरवाजे बंद. हिरकणीची गोष्ट सगळ्यांना माहीत असते, सूर्य मावळला की रायगडाचे दरवाजे बंद, मग बाळासाठी ती कडा उतरून गेली. म्हणजे आत अडकलेली माणसं, बाहेर काय आहे ते माहीत नाही, आणि सकाळपर्यंतचा वेळ. खेळ बनवणाऱ्याला याहून चांगली चौकट आयती मिळत नाही. शिवाय गडाचा कारभार वाटलेला असायचा, किल्ल्या हवालदाराकडे, हजेरी-हिशेब सबनिसाकडे, कोठार कारखानिसाकडे, म्हणजे एकट्या कुणाला परस्पर काही करता येऊ नये. तुमच्या खेळातही तेच पाहिजे, एकाच हिरोच्या हातात सगळं जाऊ नये, ती सोय इतिहासानेच करून ठेवलीय. एक सांगून ठेवतो, महाराजांना पात्र करू नका. त्यांची आज्ञा गडावर येऊ शकते, ते स्वतः नाही. कुणी त्यांच्या तोंडी काही भलतं घातलं की शेकोटीभोवती वाद सुरू होतो आणि गोष्ट बाजूला राहते. लहान माणसांची रात्र घ्या, पाणक्या, मोतद्दार (घोड्यांची निगा राखणारा), मेटकरी (गडाच्या वाटेवरच्या चौकीचा पहारेकरी), दूध घालायला आलेली आणि दरवाजा बंद झाल्याने अडकलेली बाई.

माझ्या या खेळाचं नाव “दिंडी”. पंढरीची नाही, मोठ्या दरवाज्यातला तो वाकून जायचा छोटा दरवाजा असतो ना, ती दिंडी. सुरुवात अशी: रात्रीचा दुसरा प्रहर, तुम्ही सगळे दरवाज्याच्या आत शेकत बसलायत आणि बाहेरून दिंडीवर तीन थापा पडतात. तुम्ही लाकडावर खरंच तीन थापा मारायच्या आणि गप्प बसायचं. बाहेर कोण आहे हे तुम्हीही आधी ठरवायचं नाही. तुम्हाला गेम चालवायची सवय आहे म्हणून मुद्दाम सांगतोय, उत्तर मनात ठेवून गेलात तर नकळत सगळ्यांना त्याच दिशेला ढकलाल आणि ते त्यांना कळतं. प्रत्येकाने आपल्या पाळीत बाहेरच्याबद्दल एकच खूण वाढवायची, तो खोकला, त्याने माझं नाव घेतलं, त्याच्या पायाखाली पान वाजलं नाही. बास.

पात्रं कागदावर नाहीत, हातात आहेत. प्रत्येकाला एक वस्तू, डोळे मिटून ओळखता येईल अशी. जाड लोखंडी किल्ली हवालदाराची, बोरू नाही मिळाला तर पेन्सिल सबनिसाची, चिंचोक्यांची पुरचुंडी कारखानिसाची, तांब्या पाणक्याचा, काचेच्या दोन बांगड्या दूधवालीच्या, सुतळीचा गुंडा मेटकऱ्याचा, दोन करवंट्या मोतद्दाराच्या. त्या करवंट्या तुमच्या ९ वर्षांच्या मुलाला द्या. त्या आपटल्या की घोड्यांच्या टापा, आणि त्याला सांगा की घोडे कधी बिथरतात ते फक्त त्याला कळतं, तो कधीही वाजवू शकतो. एवढा अधिकार मिळाल्यावर मूल झोपत नाही. आणि वाजवण्याची वेळ ती इतकी बरोबर साधतात की मोठ्यांच्या अंगावर काटा येतो, हे मी खूपदा बघितलंय.

वस्तू वाटल्या की शेजाऱ्याने शेजाऱ्याला दोन प्रश्न विचारायचे, गडाखाली तुझी वाट कोण बघतंय, आणि आज तुला झोप का नाहीये? दोन-दोन वाक्यांत उत्तर. शिवाय प्रत्येकाने एक गुपित मनात धरायचं, कुणालाही न सांगता. बारा जणांचं पात्र बनवणं दहा मिनिटांत आटपतं.

या गुपिताचं पुढे काय होतं तो माझ्या खेळातला सगळ्यात कामाचा नियम, त्यावर मी सगळ्यात जास्त वेळ घालवलाय. सुचला वेताळाच्या गोष्टींवरून. त्यात राजाने तोंड उघडलं की वेताळ परत झाडावर, आणि उत्तर येत असून गप्प बसला तर डोक्याची शकलं. म्हणजे बोलण्याचा मोह आणि बोलण्याची किंमत एकाच ठिकाणी बांधलेली. शेकोटीवरचा नेहमीचा प्रॉब्लेम हाच असतो की दोघे-तिघे सारखे मधे बोलतात आणि बाकीचे कधीच नाही. मी नियम केला: दुसऱ्याच्या पाळीत मधे बोलून गोष्ट बदलायची परवानगी प्रत्येकाला आहे, पण रात्रीत एकदाच, आणि त्यासाठी आपली वस्तू आगीसमोर खाली ठेवायची आणि आपलं गुपित तिथल्या तिथे फोडायचं, गोष्टीला जोडून. “नाही, किल्ली हवालदाराकडे नव्हतीच, मी काढून घेतली होती, कारण...” बोलघेवडे पहिल्या वीस मिनिटांत आपला हक्क वापरून मोकळे होतात. आणि जी गप्प माणसं असतात त्यांच्या हातात ती वस्तू शेवटपर्यंत असते, आणि सगळ्यांचं लक्ष हळूहळू त्यांच्याकडे जायला लागतं. चार वस्तू खाली आल्या की दिंडीचा अडसर निघतो आणि शेवट सुरू होतो. बघा, गोष्ट कधी संपणार हेही ऐकणाऱ्यांच्याच हातात आलं. बारा जणांना चार बरोबर बसतं, आठ जण असतील तर तीन करा.

धोक्याचं काही करायचं असेल, भिंतीवरून वाकून बघणं, खोटं बोलून सबनिसाला फसवणं, तर फाशांऐवजी एकी-बेकी. उजवीकडच्या माणसाने मुठीत चिंचोके धरायचे, दहाच्या आत, म्हणजे अंधारात बोटांनी मोजता येतात. करणाऱ्याने एकी की बेकी सांगायचं. जमलं तर जमलं. नाही जमलं तर काम तरीही होतं, पण त्याची किंमत काय मोजावी लागली ते मूठ धरणारा सांगतो. “झालं नाही” असं कधी म्हणू नका, त्याने गोष्ट जागेवर थांबते. दुसऱ्या पात्राने मदत केली तर नवी मूठ धरून आणखी एकदा सांगायची संधी, म्हणजे निम्म्या वेळा जमणारं काम चारात तीन वेळा जमतं, पण मग किंमत दोघांना पडते. संभाव्यतेचं एवढं गणित पुरे आहे, कॅम्पवर कुणाला याहून जास्त नको असतं आणि आजींना एकी-बेकी शिकवावी लागत नाही.

आता प्रत्यक्ष आगीबद्दल. आग हेच घड्याळ करायचा मोह होतो आणि करावंच. जपानमध्ये एदो काळात शंभर दिवे लावून एकेक भुताची गोष्ट झाली की एकेक दिवा विझवायचा खेळ होता, आणि अलीकडे २०१५ साली आलेल्या टेन कँडल्स नावाच्या गेममध्ये दहा मेणबत्त्या विझतील तशी गोष्ट संपत जाते. दोन्हीत उजेड कमी कमी होतो, हे लक्षात ठेवा. मी सुरुवातीला उलटं करून बसलो होतो. प्रत्येकाने पाळी सुरू करताना आगीत एक लाकूड टाकायचं असा नियम, ऐकायला छान वाटतो. झालं काय, आग वाढत गेली, धग लागते म्हणून सगळे मागे सरकले, वर्तुळ मोठं झालं, मग पलीकडच्याचं ऐकू येईना, मग लोक ओरडून बोलायला लागले, आणि ओरडून गुपित सांगता येत नाही. सगळा खेळ त्या एका नियमाने बिघडला.

गणित बघा, मांडी घालून बसायला माणसाला साधारण ७५ सेंटिमीटर लागतात. बारा जणांचा घेर ९ मीटर, व्यास तीनच्या आत. समोरचा माणूस हळू बोलला तरी कळतं, चेहरा दिसतो. वीस जण झाले की घेर १५ मीटर आणि व्यास पावणेपाच मीटर, तिथे कुजबुज मरते. म्हणून चौदाच्या वर गेलात तर सरळ दोन शेकोट्या. आणि आग घमेल्याएवढी, त्याहून मोठी नको. मी आता असं करतो: ओळखी होईपर्यंत जरा ज्वाळा, म्हणजे सगळे सगळ्यांना बघून घेतात. मधल्या खेळात एक मोठा माणूस आगवाला, तोच फक्त लाकडाला हात लावणार, प्रत्येक पाळीला बोटाएवढी एक काटकी, ती मोडून पडली की पाळी आवरती घ्यायची. काटकी किती मिनिटं टिकते ते लाकडावर आणि वाऱ्यावर असतं, संध्याकाळी दोन जाळून बघा. आणि चौथी वस्तू खाली आली की आगीत काही टाकायचं नाही. उरलेला खेळ निखाऱ्यांवर. लोकांचे आवाज आपोआप खाली येतात, तुम्हाला सांगावं लागत नाही.

शेवट लहान ठेवा. दिंडी उघडली की प्रत्येकाने एकच वाक्य, “सकाळी दरवाजे उघडले तेव्हा मी...” आणि सगळ्यांचं झालं की आपलं कहाणीचं वाक्य सगळ्यांनी मिळून, साठा उत्तराची कहाणी पाचा उत्तरी सुफळ संपूर्ण. ते म्हटल्यावर लोक खरंच सुटतात, नाहीतर भीती अंथरुणापर्यंत सोबत जाते, मुलांच्या बाबतीत तर हे सोडूच नका. त्याच कारणासाठी थांबायची एक खूण आधीच ठरवा. टेबलावर खेळताना एक्स कार्ड वापरतात, म्हणजे नको वाटणारं काही आलं की हात लावायचं फुली काढलेलं कार्ड, इथे कार्ड दिसणार नाही, म्हणून उघडा तळवा आगीपुढे धरायचा, तो सगळ्यांना दिसतो, आणि जे चाललंय ते सोडून पुढे जायचं, कारण विचारायचं नाही. लहान मुलं असताना रक्तापेक्षा चकवा बरा, वाट सापडत नाही एवढीच भीती पुरते. आणि ज्या गावात उतरलात तिथल्या देवाला किंवा राखणदाराला बाहेरचं भूत करू नका. यजमान तिथेच ओट्यावर बसून ऐकत असतात.

शेकोटी कुठे, तर ज्यांच्याकडे जेवायला-राहायला आहात त्यांच्या अंगणात, त्यांना विचारून, लाकूडफाटाही त्यांच्याकडूनच विकत. गडावर आणि जंगलात नको, डिसेंबरात गवत पूर्ण वाळलेलं असतं, एक ठिणगी उडाली की वणवा. नायलॉनच्या जॅकेटवाल्यांना जरा मागे बसवा, बादलीभर पाणी हाताशी, आणि झोपायच्या आधी राख ढवळून पाणी मारून हात लावून गार झाली का बघायचं. हे आगवाल्याचं काम.

जायच्या आधी एकदा घरी खेळून बघा, पण लाइट लावून नाही. दिवाणखान्यातले दिवे घालवा, जमिनीवर एक पणती ठेवा आणि चौघांत अर्धा तास खेळा. जो नियम तुम्हाला उजेडाशिवाय सांगता आला नाही तो काढून टाका. मी एकेकाळी अकरा नियम घेऊन गेलो होतो, आता पाच उरलेत, हुंकार, हाक, एकी-बेकी, मधे बोलणं आणि तळवा.

दोन रात्री आहेत तर दुसऱ्या रात्री तीच माणसं घ्या, पण बाजू बदला. आदल्या रात्री ज्याने थापा मारल्या तो कोण होता हे आता सगळ्यांना माहीत आहे, मग दुसऱ्या रात्री सगळे त्याच्यासोबत बाहेर, गडाखाली आग करून बसलेले, आणि आत घ्या म्हणून पटवायचंय. वस्तू त्याच, पण शेजाऱ्याशी अदलाबदल, गुपितं नवीन.

किल्ली मात्र दोन्ही रात्री आजींकडेच द्या. एका कॅम्पवर मी वयाने सगळ्यात मोठ्या बाईंना हवालदार केलं होतं, त्या पूर्ण वेळ एक शब्द बोलल्या नाहीत, फक्त किल्ली हातात फिरवत होत्या, आणि चार वस्तू खाली आल्यावर सगळे त्यांच्याकडे बघायला लागले तर त्या म्हणाल्या, “थांबा, आधी मला त्याला एक विचारू दे,” आणि दरवाज्याबाहेरच्याला विचारलं, “जेवलास का रे?” त्यानंतर बाहेरच्याचं भूत करायची कुणाची छाती झाली नाही, तो कुणाचा तरी मुलगाच निघाला. असं काही तुम्ही नियमात लिहू शकत नाही, पण किल्ली कुणाच्या हातात द्यायची ते तुम्ही ठरवू शकता. चिंचोके शंभरेक घ्या, काही हरवतातच, आणि वस्तू घरूनच पिशवीत भरून न्या.